शिअर, व्हिस्कॉसिटी आणि प्लास्टिकचा मेल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोल्डिंग-एक्स्ट्रुजनवाले, डिप्लोमा आणि पॉलिमर इंजिनिअरिंगची पोरं, आणि अधूनमधून नुसत्या उत्सुकतेने विचारणारे, यांच्याकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. जिथे गोंधळ जास्त होतो तिथे सविस्तर लिहिलंय, बाकी ठिकाणी थोडक्यात.

प्रश्न: शिअर म्हणजे नेमकं काय?

दोन सपाट प्लेट्स, मध्ये तेलाचा पातळ थर. खालची प्लेट धरून ठेवा आणि वरची बाजूला सरकवा. वरच्या प्लेटला चिकटलेलं तेल तिच्याबरोबर पळतं, खालचं जागेवर राहतं, आणि मधले थर एकमेकांवरून घसरतात, हे घसरणं म्हणजे शिअर. वरच्या प्लेटचा वेग भागिले मधलं अंतर केलं की शिअर रेट मिळतो, त्याचं एकक 'प्रति सेकंद'. सरकवायला लागणारा फोर्स भागिले प्लेटचं क्षेत्रफळ म्हणजे शिअर स्ट्रेस. आणि स्ट्रेस भागिले रेट म्हणजे व्हिस्कॉसिटी, ती पास्कल-सेकंदात मोजतात.

आकड्यात बघा. प्लेट सेकंदाला १ मीटर सरकतेय आणि फट १ मिलिमीटर आहे, तर शिअर रेट झाला १,००० प्रति सेकंद. वेग तोच ठेवून फट ०.१ मिलिमीटर केली की लगेच १०,०००. फट लहान झाली की शिअर रेट झपाट्याने वाढतो हे डोक्यात ठेवा, खाली गेटच्या (मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, प्लास्टिक शिरतं त्या बारीक तोंडाच्या) हिशोबात लागणार आहे.

प्रश्न: न्यूटोनियन आणि नॉन-न्यूटोनियन यात फरक काय?

न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया'मध्ये मांडलं होतं की द्रवाचा विरोध हा थरांच्या वेगातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दुप्पट जोरात ढवळलं तर दुप्पट विरोध. पाणी, ग्लिसरीन, बराचसा मध, साधं खनिज तेल हे सगळं असं वागतं. पाण्याची व्हिस्कॉसिटी २० अंशांना साधारण ०.००१ पास्कल-सेकंद आणि ग्लिसरीनची साधारण १.४, एवढा एक आकडा सांगितला की काम झालं, हळू ढवळा नाहीतर जोरात.

वितळलेलं प्लास्टिक (यालाच मेल्ट म्हणतात), ऑइल पेंट, केचप, टूथपेस्ट, श्रीखंड, रक्त यांना एकच आकडा नसतो, कुठल्या शिअर रेटला मोजली त्यावर व्हिस्कॉसिटी बदलते. ही सगळी नॉन-न्यूटोनियन. त्यामुळे 'या मेल्टची व्हिस्कॉसिटी किती' हा प्रश्नच अर्धा आहे. किती शिअर रेटला आणि किती टेंपरेचरला, हे दोन्ही विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. या पूर्ण पानावरची निम्मी उत्तरं शेवटी इथेच येऊन थांबतात.

प्रश्न: शिअर वाढला की मेल्ट पातळ का होतो?

पॉलिमरची साखळी खूप लांब असते आणि वितळलेल्या अवस्थेत हजारो साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. लांब केसांचा गुंता डोळ्यासमोर आणा: कंगवा आधी अडतो, मग केस एका दिशेला बसत गेले की हात हलका चालतो, आणि तसंच मोकळं सोडलं की परत गुंता होतो. मेल्टमध्ये हेच होतं. शिअर रेट कमी असेल तर साखळ्यांना परत गुंतायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे व्हिस्कॉसिटी वरच्या पातळीवर स्थिर राहते, तिला झिरो-शिअर व्हिस्कॉसिटी म्हणतात. शिअर रेट वाढत जातो तसतशा साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, गुंते सुटण्याचा वेग परत बसण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि मेल्ट पातळ होतो. यालाच शिअर थिनिंग म्हणतात.

साखळी अशा गुंत्यातून सापासारखी सरपटत बाहेर पडते, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडली, पुढे १९९१ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं.

साखळीच्या लांबीचा परिणाम किती मोठा आहे हे ऐकून बरेच जण चकित होतात. गुंता होण्याइतकी लांबी एकदा ओलांडली की झिरो-शिअर व्हिस्कॉसिटी ही मॉलिक्युलर वेटच्या (साखळीच्या वजनाच्या, म्हणजेच लांबीच्या) साधारण ३.४ घाताने वाढते. म्हणजे मॉलिक्युलर वेट दुप्पट केलं की व्हिस्कॉसिटी दुप्पट नाही, दहापटीहून जास्त!

प्रश्न: पातळ होतो म्हणजे किती?

कामापुरतं पॉवर लॉ वापरतात, म्हणजे स्ट्रेस हा शिअर रेटच्या ठरावीक घाताने वाढतो असं धरतात. तो घात म्हणजे 'एन' नावाचा आकडा, पाण्याला तो १ आणि पॉलिमर मेल्टला बहुतेक वेळा ०.३ ते ०.६ च्या आसपास. समजा एन ०.४ आहे आणि तुम्ही शिअर रेट १०० पट केला. पाणी असतं तर प्रेशर १०० पट लागलं असतं. इथे प्रेशर फक्त ६.३ पट वाढतं आणि व्हिस्कॉसिटी जवळजवळ १६ पट उतरते. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये पातळ भिंतीचा डबा झटक्यात भरतो तो याच गुणामुळे, मेल्ट न्यूटोनियन असता तर एवढ्या प्रेशरची मशीन परवडलीच नसती.

पॉवर लॉ सगळीकडे चालत नाही हे मात्र लक्षात असू द्या. शिअर रेट अगदी कमी असताना तो व्हिस्कॉसिटी अनंताकडे नेतो, खरा मेल्ट तसं करत नाही.

प्रश्न: दोन कंपन्यांचा पीपी (पॉलिप्रोपिलीन) दाणा, दोन्हीचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) १०, मग एक नीट भरतो आणि दुसऱ्याला शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेले पीस) का येतात?

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. सप्लायर टेस्ट सर्टिफिकेट दाखवतो, मोल्डर अर्धवट भरलेला पीस दाखवतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आधी एमएफआय कसा काढतात ते बघू. ९.५५ मिलिमीटर बोअरचं एक गरम बॅरल असतं, पीपीसाठी २३० अंश, पॉलिथिलीनसाठी १९०. त्यात चार-पाच ग्रॅम दाणा टाकायचा, रॉडने दाबून दाबून हवा काढायची, वरून पिस्टन ठेवायचा, पाच-सात मिनिटं तापू द्यायचं आणि मग वरती २.१६ किलोचं वजन. खाली २.०९५ मिलिमीटर भोकाची, ८ मिलिमीटर लांबीची डाय (मेल्ट बाहेर काढणारं तोंड) असते, तिच्यातून दोरी बाहेर येते, ठरलेल्या वेळाने ती कापायची, बुडबुडा असलेला तुकडा फेकून द्यायचा, बाकीचे वजन करायचे आणि १० मिनिटांत किती ग्रॅम आलं ते लिहायचं. एमएफआय १० म्हणजे १० मिनिटांत १० ग्रॅम. पद्धत साधी, स्वस्त आणि रोज लॉट चेक करायला उत्तम, तिच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

पण या टेस्टमध्ये शिअर रेट किती असतो? मेल्टची घनता ०.७५ धरली तर एमएफआय १० ला तो येतो प्रति सेकंद साधारण २५. स्ट्रेस जवळजवळ २० किलोपास्कल, म्हणजे व्हिस्कॉसिटी सुमारे ८०० पास्कल-सेकंद, पाण्याच्या आठ लाख पट.

आता तुमच्या मोल्डमध्ये या. समजा २ मिलिमीटर व्यासाचं गोल गेट आहे आणि सेकंदाला २० घन सेंटिमीटर मेल्ट त्यातून जातोय. शिअर रेट = ४ गुणिले फ्लो रेट, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. हिशोब केला की येतो साधारण २५,०००. टेस्टमध्ये २५, गेटमध्ये २५,०००, हजारपटीचा फरक! तुम्ही दाणा निवडताय २५ च्या आकड्यावर आणि तो चालवताय २५,००० ला.

समजा पहिल्या दाण्याचा एन ०.३ आहे आणि दुसऱ्याचा ०.५. एमएफआय टेस्टमध्ये दोघं सारखेच. शिअर रेट हजारपट झाला की पहिल्याची व्हिस्कॉसिटी सुमारे १२५ पट उतरते आणि दुसऱ्याची फक्त ३० पटीच्या आसपास, म्हणजे गेटमध्ये दुसरा दाणा पहिल्याच्या चौपट घट्ट. (पॉवर लॉ सगळीकडे लागू धरून केलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा बरोबर आहे.) हा फरक बहुतेक वेळा येतो तो मॉलिक्युलर वेट डिस्ट्रिब्युशनमुळे, ज्यात लांब-आखूड साखळ्यांची सरमिसळ जास्त तो दाणा लवकर पातळ व्हायला लागतो.

मग करायचं काय? सप्लायरकडे एमएफआय सोबत कॅपिलरी रिओमीटरचा (वेगवेगळ्या शिअर रेटला व्हिस्कॉसिटी मोजणाऱ्या यंत्राचा) पूर्ण कर्व्ह मागा, निदान १०० ते १०,००० शिअर रेटपर्यंतचा. पॉलिथिलीन असेल तर २१.६ किलो आणि २.१६ किलो अशा दोन्ही वजनांवरचे आकडे मागा, त्यांचा रेशो जितका मोठा तितकं शिअर थिनिंग जास्त. मोठा सप्लायर हे देऊ शकतो, मागायला लाजू नका.

प्रश्न: फक्त एमएफआय माहीत असेल तर त्यावरून कर्व्हचा अंदाज येतो का?

येतो, आणि यावरचं एक महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातलं आहे. एनसीएलच्या (नॅशनल केमिकल लॅबोरेटरीच्या) शेणॉय, चट्टोपाध्याय आणि नाडकर्णी यांनी १९८३ मध्ये दाखवलं की एकाच पॉलिमरच्या वेगवेगळ्या ग्रेड्सचे कर्व्ह, व्हिस्कॉसिटीला एमएफआयने गुणलं आणि शिअर रेटला एमएफआयने भागलं की जवळजवळ एकावर एक बसतात. म्हणजे त्या पॉलिमरचा एक मास्टर कर्व्ह हातात असेल तर तुमचा एमएफआय घालून पूर्ण कर्व्ह काढता येतो. ज्या छोट्या युनिटकडे महागडा रिओमीटर नाही त्यांच्यासाठी ही केवढी सोय आहे विचार करा. मर्यादा अशी की ज्या दोन ग्रेड्सची डिस्ट्रिब्युशन फार वेगळी आहेत त्या या कर्व्हवर नीट बसत नाहीत, म्हणजे वरच्या भांडणाचा निकाल यावरून लागणार नाही. एनसीएलमध्ये पॉलिमरच्या प्रवाहावर काम करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, डॉ. रघुनाथ माशेलकर यांचं सुरुवातीचं संशोधनही नॉन-न्यूटोनियन प्रवाहाच्याच भागातलं.

प्रश्न: एमएफआय जास्त म्हणजे दाणा चांगला का?

नाही. जास्त एमएफआय म्हणजे साखळ्या आखूड, मेल्ट पातळ, पटकन भरतो, पण साधारणपणे पीस कमी चिवट होतो. पाइप आणि ब्लो मोल्डिंगला उलट कमी एमएफआय लागतो, कारण बाहेर आलेला मेल्ट स्वतःच्या वजनाने लोंबता कामा नये. दुसऱ्या टोकाला २०२० मध्ये मास्कसाठी ज्याची एवढी मारामारी झाली तो मेल्टब्लोन पीपी, त्याचा एमएफआय हजाराच्या पुढे असतो.

प्रश्न: रिग्राइंड (दळून परत वापरलेलं भंगार प्लास्टिक) टाकला की सेटिंग का हलतं?

कारण दाणा प्रत्येक वेळी बॅरलमधून जाताना उष्णता, शिअर आणि ऑक्सिजन याने साखळ्या तुटतात. मॉलिक्युलर वेट नुसतं १० टक्के घसरलं तरी ३.४ च्या नियमाने मेल्टची व्हिस्कॉसिटी ३० टक्क्यांनी उतरते, एमएफआय १० चा १४ च्या वर जातो. पीपीमध्ये हे असंच होतं. काही पॉलिथिलीनमध्ये मात्र तुटण्याऐवजी साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि एमएफआय उलटा कमी होतो, म्हणून 'रिग्राइंड म्हणजे पातळ' असा सरसकट नियम करू नका. पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि पेट (बाटल्यांचं पॉलिएस्टर) ओले चालवले तर पाणीच साखळ्या तोडतं, आणि हा घोळ मशीनवर कळत नाही, पीस पडून फुटल्यावर कळतो. पीसी १२० अंशांना तीन-चार तास वाळवून पाणी ०.०२ टक्क्यांच्या खाली आणायचं, इथे कितीही घाई असली तरी शॉर्टकट नको.

प्रश्न: मोल्ड भरत नाहीये. टेंपरेचर वाढवू की इंजेक्शन स्पीड?

मटेरियल कुठलं त्यावर आहे. पॉलिथिलीन आणि पीपीवर टेंपरेचरचा परिणाम त्यामानाने कमी होतो, पण शिअरने चांगले पातळ होतात, तिथे आधी स्पीड वाढवून बघा. पॉलिकार्बोनेटचं उलटं, शिअर थिनिंग कमी आणि टेंपरेचरचा परिणाम जोरदार, १०-१५ अंश वाढवले की लगेच फरक दिसतो. ॲक्रिलिकही टेंपरेचरला असंच संवेदनशील. ऑपरेटर लोकांना सवय असते की काही झालं की हीटर वाढव, त्याने सायकल टाइम वाढतो आणि मटेरियल जळायला लागतं ते वेगळंच.

अजून एक गोष्ट, शिअर स्वतः उष्णता तयार करतो. रनर (मेल्ट गेटपर्यंत नेणारी वाट) आणि गेटमध्ये ५०० बार प्रेशर खर्च होत असेल तर ती सगळी एनर्जी मेल्टमध्येच जाते आणि मेल्ट अंदाजे २०-२५ अंशांनी तापतो. पॅनेलवर २३० दिसतंय म्हणून गेटमध्ये २३० आहे असं धरू नका. गेटजवळ जळाल्याच्या रेघा दिसत असतील तर हीटर कमी करण्याआधी स्पीड आणि गेटचा साइझ बघा.

प्रश्न: डायमधून बाहेर आल्यावर मेल्ट का फुगतो?

हा डाय स्वेल. साखळ्या डायमध्ये शिरताना आणि आत ताणल्या जातात, बाहेर पडल्यावर भिंतीचं बंधन सुटतं आणि त्या परत आकसतात, त्यामुळे लांबी कमी होऊन जाडी वाढते. मेल्ट हा नुसता द्रव नाही, त्यात रबराचा अंशही आहे, त्याला व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात. डायचा सरळ भाग लांब केला की आत शिरतानाचा ताण विसरायला वेळ मिळतो आणि फुगणं कमी होतं. टेंपरेचर वाढवूनही कमी होतं. प्रोफाइल एक्स्ट्रुजनमध्ये चौकोनी पट्टी हवी असेल तर डायच्या बाजू थोड्या आत दबलेल्या करतात, कारण फुगणं मधोमध जास्त आणि कोपऱ्यांवर कमी असतं.

याच गुणामुळे पॉलिमरच्या द्रावणात फिरता रॉड घातला की द्रव रॉडवर वर चढतो, पाणी मात्र खड्डा करून कडेला जातं. याला वायसनबर्ग इफेक्ट म्हणतात. लॅबमध्ये बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

प्रश्न: एलएलडीपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार) फिल्म खरखरीत येते, मटेरियल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. डायच्या भिंतीवरचा स्ट्रेस ०.१ मेगापास्कलच्या वर गेला की पृष्ठभागावर बारीक खवले येतात, त्याला शार्कस्किन म्हणतात. आउटपुट वाढवत नेलं की हमखास दिसतं. डाय गॅप वाढवा, डायच्या ओठांचं टेंपरेचर वाढवा, किंवा फ्लोरोपॉलिमरवालं प्रोसेसिंग एड घाला, ते भिंतीवर थर धरतं आणि मेल्ट घसरायला लागतो. ते घातल्या घातल्या परिणाम दिसत नाही, थर बसायला वेळ लागतो, म्हणून लगेच डोस दुप्पट करू नका.

प्रश्न: कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवलं की जोरात मारल्यावर कडक का होतं?

हे उलटं प्रकरण, शिअर थिकनिंग. यात लांब साखळ्यांचा संबंध नाही, दाट भरलेले कण जोर बसला की एकमेकांना घासून अडकतात, मधलं पाणी वंगणाचं काम करेनासं होतं. हळू दाबा, बोट आत जातं.

प्रश्न: पेंट ब्रशने सहज लागतो पण भिंतीवरून ओघळत नाही, हे शिअर थिनिंगच ना?

थोडं तेच, थोडं अजून काही. ब्रशखाली शिअर रेट हजारांत असतो, तिथे पेंट पातळ. भिंतीवर नुसत्या वजनाने होणारा शिअर अगदी कमी, तिथे घट्ट. पण ब्रश उचलल्यावर पेंट लगेच घट्ट झाला तर ब्रशच्या रेघा तशाच राहतील, आणि फार उशिरा झाला तर ओघळेल. म्हणून पेंट बनवणारे परत घट्ट होण्याचा वेळ जमवून आणतात. वेळेशी जोडलेल्या या वागण्याला थिक्सोट्रॉपी म्हणतात. शिअर थिनिंग आणि थिक्सोट्रॉपी एकच समजून लिहिलेली उत्तरं परीक्षेतही खूप दिसतात, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न: इंजिन ऑइलमध्येही पॉलिमर असतं का?

मल्टिग्रेड ऑइलमध्ये असतं. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून ते घालतात. पण बेअरिंगच्या बारीक फटीत शिअर रेट दहा लाखांच्या घरात जातो, तिथे ही साखळी ताणली जाते आणि जाडी देईनाशी होते. म्हणून ऑइलची एक वेगळी टेस्ट १५० अंश आणि दहा लाख प्रति सेकंद शिअर रेटला करतात, ३० ग्रेडला तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतं. कालांतराने साखळ्या कायमच्या तुटतात, ऑइल बदलायच्या कारणांपैकी हे एक.

प्रश्न: जुन्या खिडकीची काच वाहून खाली जाड होते हे खरं का?

खरं नाही. तेव्हा काच बनवतानाच जाडी कमी-जास्त यायची. डांबर मात्र खरंच वाहतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत १९२७ साली डांबर फनेलमध्ये भरलं, १९३० ला खालचं तोंड कापलं, आणि २०१४ पर्यंत फक्त नऊ थेंब पडले. हातोडी मारली तर तेच डांबर फुटतं.

प्रश्न: रिओमीटर नाही, तर मशीनवरच काही समजू शकतं का?

नक्की समजतं, आणि हे प्रत्येक नवीन मोल्डला करावं असं माझं ठाम मत आहे. होल्डिंग प्रेशर बंद करा, मोल्ड सगळ्यात जास्त स्पीडला ९५ टक्क्यांच्या आसपास भरेल असा स्विचओव्हर (भरणं थांबवून होल्डिंगवर जायचा क्षण) लावा, आणि प्रेशर लिमिट इतकं वर ठेवा की मशीन कुठल्याच स्पीडला त्याला टेकणार नाही. मग सगळ्यात जास्त स्पीडपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने स्पीड कमी करत शॉट मारा. प्रत्येक स्पीडला दोन आकडे लिहा, फिल टाइम आणि स्विचओव्हरच्या क्षणी असलेलं प्रेशर. दोघांचा गुणाकार म्हणजे सापेक्ष व्हिस्कॉसिटी, आणि एक भागिले फिल टाइम म्हणजे सापेक्ष शिअर रेट. कागदावर काढलं की डावीकडे उतार आणि उजवीकडे सपाट होत गेलेली रेघ दिसते. सेटिंग सपाट भागात ठेवायचं, कारण तिथे स्पीड थोडा इकडेतिकडे झाला किंवा लॉट बदलला तरी व्हिस्कॉसिटी फारशी हलत नाही. सपाट भागात बर्निंग किंवा फ्लॅश (मोल्डच्या फटीतून बाहेर आलेली पातळ पापडी) येत असेल तर आधी व्हेंट साफ करा आणि क्लॅम्प तपासा, लगेच डावीकडच्या उतारावर परत येऊ नका. हा कागद मोल्डच्या फाइलमध्ये लावून ठेवा आणि नवा दाणा आला की त्याच मशीनवर परत काढून जुन्याशी ताडून बघा.